कागदासाठी गार वारा

दिल्लीचा जेठ किंवा कलकत्त्याचा भाद्रपद ज्यांनी कचेरीत बसून काढला आहे, त्यांना वातानुकूलित खोलीचे सुख सांगायला नको. परंतु ते यंत्र मुळात माणसाच्या सुखासाठी निर्माण झालेच नव्हते. त्याचा जन्म झाला तो कागदासाठी, आणि तोही एका छापखान्यातील दोषाचा शोध घेताना.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सॅकेट अँड विल्हेल्म्स हा रंगीत शिळाछपाईचा मोठा कारखाना होता. ‘जज’ हे विनोदी साप्ताहिक तेथे छापले जाई. रंगीत छपाईत एकच कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा यंत्रातून जातो, आणि आधीच्या रंगावर पुढचा रंग नेमका बसावा लागतो. छापखान्याच्या भाषेत याला रजिस्टर जुळणे म्हणतात. १९०० व १९०१ च्या उन्हाळ्यांत तेथे हे रजिस्टर वारंवार चुकू लागले.

असा दोष दिसला म्हणजे यंत्रचालक साहजिकच प्रथम यंत्राकडे वळतो. सिलिंडरचा दाब तपासतो, कागद धरणारे चिमटे पाहतो, शाई घट्ट किंवा पातळ करतो. यंत्र निर्दोष ठरते आणि चूक तशीच राहते. कारण ती कागदात असते. कागद वनस्पतींच्या तंतूंचा. दमट हवेत तो ओल पिऊन फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. आणि फुगतो तोही तंतूंच्या लांबीच्या दिशेने थोडा, आडव्या दिशेने अधिक. सकाळी पिवळा रंग छापला आणि दुपारी सर येऊन गेल्यावर तांबडा छापायला घेतला, तर तोवर कागदच मोठा झालेला असतो. यंत्राचे स्क्रू पिळून काय होणार?

राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथेही एकेका चित्रासाठी दगडामागून दगड कागदावर उमटवावा लागे. मळवलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही अडचण अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही.

ब्रुकलिनचे गाऱ्हाणे १९०२ मध्ये बफेलो फोर्ज या कंपनीकडे आले आणि तेथून विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या अभियंत्याच्या टेबलावर. कॉर्नेल विद्यापीठातून बाहेर पडून त्याला जेमतेम एक वर्ष झाले होते. पगार आठवड्याला दहा डॉलर. (आपल्याकडे इतक्या नव्या माणसाकडे अशी फाईल सहसा येत नाही.) त्याने छपाईयंत्र बाजूस ठेवून हवेकडे पाहिले. बर्फाचे पाणी भरलेल्या पेल्याला बाहेरून जसा घाम फुटतो, तशी गार नळ्यांवरून नेलेली हवा आपली ओल तेथेच टाकते. नळ्यांचे तापमान व हवेचा वेग नेमका ठरवला, तर खोलीतील आर्द्रताही नेमकी ठरवता येईल, हा त्याचा हिशेब. १७ जुलै १९०२ ही तारीख असलेल्या आराखड्यांत वर्षभर पंचावन्न टक्के आर्द्रता राखण्याचे लक्ष्य होते.

त्याच वर्षी पिट्सबर्गच्या स्टेशनावर धुक्यात उभे असताना त्याला आणखी एक गोष्ट सुचली: हवा थंड पाण्याच्या तुषारांतून नेऊनच ती कोरडी करता येईल. पाण्याने हवा वाळवायची, ही कल्पना ऐकताना वेडगळ वाटते. पण थंड हवेत मावेल तेवढीच ओल तिच्यात उरते. या यंत्राचे पेटंट त्यास १९०६ मध्ये मिळाले. सर्वसामान्य प्रेक्षकांना हा गारवा भेटला तो पुढे चित्रपटगृहांत. न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात तो १९२५ मध्ये आला.

आजही रंगीत छपाईच्या मोठ्या दालनात भिंतीवर आर्द्रतामापक टांगलेला असतो, आणि रजिस्टर चुकले की जाणता यंत्रचालक पाना हाती घेण्यापूर्वी त्यावर नजर टाकतो. मी ज्या कचेऱ्यांत काम केले, तेथे गार वारा साहेबांच्या खोलीत असे. जुन्या फायलींची खोली जिन्याखाली. दर श्रावणात तेथील कपाटाची दारे लागत नसत, इतके आतले कागद फुगलेले असत.