सेवा की वेठ? : वर्गातल्या मदतनिसाचा इतिहास

शाळेच्या इतिहासात संस्थापकाचे नाव येते, मुख्याध्यापकाचे येते, देणगीदाराचे तर दगडात कोरले जाते. परंतु शिक्षकाच्या बाजूला बसून मुलाच्या बोटांत पेन्सिल धरवणारा, रडणाऱ्याला समजावणारा, न आलेल्याला झोपडीतून बोलावून आणणारा जो दुसरा माणूस, तो या इतिहासात कोठेच सापडत नाही. वस्तुतः गोरगरिबांच्या शाळा बऱ्याच अंशी त्याच्याच जिवावर चालल्या. त्याच्याविषयी मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्याने जे दिले ते स्वेच्छेने दिले, की त्याच्याकडून ते काढून घेतले गेले?

हा माणूस नवा नाही. जुन्या पंतोजीच्या शाळेत वडील मुले धाकट्यांना धुळाक्षरे गिरवायला शिकवीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या लष्करी अनाथालयात अँड्र्यू बेल याने हीच तऱ्हा पद्धतशीर केली आणि १७९७ साली तिचे वर्णन इंग्लंडात छापले. तेथील गरिबांच्या शाळांसाठी ती उचलली गेली, कारण ती स्वस्त होती. गरिबाच्या मुलाला पुरा शिक्षक कशाला, अर्धा पुरे, हा विचार तेव्हापासूनचा आहे. आमच्या पूर्वजांना मात्र तो अर्धाही मिळाला नाही. पंतोजीच्या ओसरीची पायरीच त्यांना चढता येत नव्हती.

ती पायरी फोडली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. या शाळांत पतिपत्नींनी वर्षानुवर्षे स्वतः काम केले. ही खरी स्वयंसेवा. पण याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा सरकारकडे स्वयंसेवक मागितले नाहीत. त्यांनी दोन गोष्टी एकदम मागितल्या. एक, प्राथमिक शिक्षक शेतकऱ्यांच्या जातींतले, नांगर धरायला न लाजणारे, मुलांच्या आईबापांत मिसळणारे हवेत. दोन, ते शिकवून तयार केलेले हवेत आणि त्यांचा पगार १२ रुपयांहून कमी नको. आपला माणूस आणि पुरा पगार, या दोन मागण्या त्यांनी वेगळ्या केल्या नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा दाखला आमच्या खानदेशातलाच आहे. १९२९ साली मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे एक सहकारी यांच्याकडे खानदेशचे दोन जिल्हे आले होते. आजचा नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होता. चाळीसगावला टांगेवाल्यांनी महाराला टांग्यात बसवून नेण्यास नकार दिला. तेव्हा महारवाड्यातल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपलाच माणूस बसवला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. पुलाजवळ बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. आपल्या पाहुण्याच्या मानासाठी लोकांनी त्याचा जीव धोक्यात घातला, असे बाबासाहेबांनी पुढे लिहिले. त्या माणसाच्या निष्ठेत काही उणे नव्हते. उणे होते ते त्याला कोणी लगाम धरायला शिकवले नव्हते हे, आणि ज्यांना येत होते त्यांनी हात आखडला हे.

आता २००० साल पाहा. ज्या वाड्यापाड्यांजवळ शाळा नाही तेथे महाराष्ट्र शासनाने वस्तीशाळा काढल्या. शिकवायला त्याच वस्तीतला शिकलेला तरुण नेमला, त्याला नाव दिले 'स्वयंसेवक', आणि मानधन ठरवले महिना १,००० रुपये. जोतीरावांची पहिली मागणी ११८ वर्षांनी अर्धीमुर्धी पुरी झाली. दुसरी मात्र सोयीने विसरली गेली.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत येथे शेकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे होते. साक्षरता शेकडा ६४ होती, तर राज्याची ८२. या दोन आकड्यांच्या मधल्या दरीतच या पाड्यांवरच्या शाळा उभ्या होत्या.

अक्राणी तालुक्यातल्या अशा एका पाड्यावर मी २००४ साली वर्षभर वर्गात मदतनीस म्हणून राहिलो. मी नंदुरबारच्या बौद्ध वस्तीतला, घरची बोली अहिराणी. मुले पावरी बोलणारी. पुस्तक पुण्याच्या मराठीतले. चार इयत्ता एका कुडाच्या खोलीत बसत. स्वयंसेवक गुरुजी तिसरी-चौथीला गणित घालीत, तेव्हा पहिलीची पोरे माझ्याकडे. सुरुवातीला त्यांना माझे कळेना, मला त्यांचे कळेना. मग मोहाच्या बिया मोजता मोजता मीच त्यांच्याकडून त्यांचे आकडे शिकलो आणि त्यांना माझे दिले. जी पोरे मुकी, मंद म्हणून इतर शाळांतून परत आली होती ती दोन महिन्यांत कलकलाट करू लागली. मंद कोणीच नव्हते. त्यांची भाषा वर्गात आली नव्हती, एवढेच.

दिवाळीनंतर निम्मी पोरे आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली आणि होळीला परतली. हजेरीपटावरच्या त्या रिकाम्या चौकटी म्हणजे या डोंगराचे अर्थशास्त्र होते. गुरुजींचे मानधन चार-चार महिने येत नसे. सुट्टीच्या दिवशी ते मजुरीला जात. एकदा त्यांच्याबरोबर मी एका कचेरीत गेलो. टेबलामागचा माणूस म्हणाला, "तुम्ही स्वयंसेवक ना? मग पैशाची एवढी घाई कशाला?"

हा प्रश्न मला ओळखीचा वाटला. आमच्या आजा-पणजांना गावकीची कामे सांगणारे याच सुरात बोलत. वतनाच्या तुकड्यावर रात्रंदिवस राबायचे, आणि नाही म्हणायची मुभा नाही. त्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक आणले. १९२७ साली समता सैनिक दलात उभे राहिलेले तरुणही बिनपगारी होते, पण ते कोणाचे वेठबिगार नव्हते. सेवा आणि वेठ यांतला फरक पैशात नाही, नकाराच्या हक्कात आहे. मला वर्षानंतर परतायची मोकळीक होती, म्हणून माझी ती सेवा. गुरुजी गेले असते तर शाळाच बंद पडली असती, आणि हे सरकारला ठाऊक होते. त्यांच्या मायेचा तो वापर होता.

याच जिल्ह्यात दुसरा मार्गही दिसतो. सरदार सरोवराच्या बुडिताविरुद्ध लढणाऱ्या नर्मदाकाठच्या गावांनी १९९० नंतरच्या वर्षांत जीवनशाळा उभ्या केल्या. तेथेही शिकवणारे बहुतेक स्थानिक तरुणच होते. साधने अपुरी होती. पण शाळा गावाची होती, मुलांच्या बोलीला तेथे मान होता, आणि शिक्षक लोकांना उत्तर देत होता. सेवा कोणाच्या हुकमाने होते यावर तिचे रूप ठरते.

२०१० साली शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि २०१४ साली वस्तीशाळांचे शिक्षक नियमित सेवेत आले. चौदा वर्षांच्या मोर्चा-धरण्यांनंतर 'स्वयंसेवक' हा शब्द त्यांच्या नावापुढून गळाला. तरी वृत्ती गेलेली नाही. नव्या शिक्षकाला आजही 'शिक्षणसेवक' म्हणून तीन वर्षे काढावी लागतात, त्याचे मानधन २०२३ पासून १६,००० रुपये आहे. सेवक, मित्र, प्रशिक्षणार्थी अशी नावे बदलत राहतात.

कार्यकर्त्या तरुणांनी पाड्यावर जावे, वर्गात बसावे, मुलांची बोली शिकावी, असेच मी म्हणेन. परंतु जाताना दोन गोष्टी पक्क्या असाव्यात. आपण शिक्षकाच्या जोडीला जातो, त्याच्या जागी नाही. आणि त्या पाड्यावरचा जो तरुण शिकवू पाहतो त्याला पुरे प्रशिक्षण, पुरा पगार आणि 'शिक्षक' हे नाव मिळावे म्हणून त्याच्याबरोबर कचेरीची पायरी चढणे हाही आपल्या मदतीचाच भाग आहे. लगाम आपल्याच माणसाच्या हाती हवा, पण तो धरायला त्याला शिकवलेले हवे आणि त्याचे दाम त्याला मिळालेले हवे.