सर, त्या प्रश्नाचं उत्तर

नववीतली धरणगावची सहल आठवते का? लाल डब्यातून उतरल्यावर इतिहासाच्या सरांनी सांगितलं, की १८२५ साली आउटरामनं भिल्लांची पलटण उभी केली, तिचं ठाणं हे. तीरकामठ्यात तरबेज असलेल्या माणसांच्या हाती बंदुका आल्या. मग सरांनी विचारलं, "बंदुका आल्यावरही गोऱ्या फौजेतल्या अंमलदारांच्या हाती भाला का राहिला?" मी ऐटीत म्हणालो, "शोभेसाठी." सर नुसते हसले. ते हसू मला बरीच वर्षं टोचत राहिलं.

शोभा होतीच, आपले भालदार-चोपदार तरी वेगळे काय? पण त्या भाल्याला, म्हणजे स्पॉन्टूनला, कामही होतं. जुन्या बंदुकीत दारू-गोळी ठासताना दोन्ही हात आणि नजर गुंतायची. अंमलदारच त्यात अडकला तर रांग कोण बघणार? भाल्याचा दांडा आडवा धरून रांग सरळ करायची, मागं सरकणाऱ्याला पुढं रेटायचं. शत्रू अंगावर आलाच तर टोक होतंच. ब्रिटिश पायदळातल्या अधिकाऱ्यांनी तो १७८६ मध्ये सोडला. सार्जंटांना मात्र १७९२ मध्ये परशूऐवजी असाच भाला मिळाला, तो १८३० पर्यंत राहिला. म्हणजे इथं भिल्ल जवान बंदुकीची कवायत शिकत होते, तेव्हा विलायतेतले सार्जंट भालाच धरून होते!

पी.टी.च्या सरांची काठीही रांगेसाठीच असायची. आम्हाला ती वेगळ्याच कामी आठवते.

सर, उत्तराला चाळीस वर्षं उशीर झाला. मेळाव्यात भेटाल तेव्हा गुण द्या.