मोटारींचे एचडीआर छायाचित्रण

मोटारींचे एचडीआर छायाचित्रण : उभ्या मोटारीची एकाच जागेवरून, परंतु कमीअधिक प्रकाश घेऊन टिपलेली अनेक छायाचित्रे संगणकावर एकत्र आणून, तिच्या अतिशय उजळ व अतिशय काळोख्या अशा दोन्ही भागांतील तपशील एकाच चित्रात राखण्याचा छंद. एचडीआर हे ‘हाय डायनॅमिक रेंज’ या संज्ञेचे आद्याक्षरी रूप असून, दृश्यातील सर्वांत तेजस्वी व सर्वांत अंधाऱ्या भागांच्या प्रकाशमानांचे गुणोत्तर मोठे असणे, एवढाच तिचा मूळ अर्थ आहे. हा छंद उपकरणांइतकाच स्थळाच्या प्रकाशावर अवलंबून असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार कागल (जि. कोल्हापूर) या तालुक्याच्या गावाच्या अनुषंगाने केला आहे.

मोटारीच्या अंगी एक गुण असा आहे की, जो झाडाच्या, देवळाच्या किंवा माणसाच्या चेहऱ्याच्या ठायी आढळत नाही: ती स्वतःचे रूप थोडे दाखविते आणि भोवतालचे फार दाखविते. तिच्या रंगावर दिलेला पारदर्शक थर हा वस्तुतः वाकवलेला आरसाच होय, आणि म्हणून काळ्या मोटारीच्या बॉनेटचे छायाचित्र घेणारा मनुष्य वास्तविक त्या बॉनेटमध्ये उतरलेल्या आभाळाचे, तारांचे, कडेच्या कुंपणाचे व पुष्कळदा स्वतःचेही छायाचित्र घेत असतो. हे एकदा ध्यानात आले, म्हणजे मोटार कोठे उभी करावी हा प्रश्न कॅमेरा कोणता घ्यावा या प्रश्नाहून वडील ठरतो. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या छंदाचे सारे सत्त्व त्या एका निवडीत आहे.

छायाचित्रकार प्रकाशाची मोजदाद ‘स्टॉप’ या एककाने करतात. एक स्टॉप वाढला म्हणजे प्रकाश दुप्पट झाला. त्या हिशेबाने दहा स्टॉप म्हणजे १,०२४ पट आणि चौदा स्टॉप म्हणजे १६,३८४ पट. आजच्या चांगल्या कॅमेऱ्याचा संवेदक एका टिपणात सुमारे १२ ते १४ स्टॉपचा पल्ला सांभाळतो. परंतु भर उन्हातील पांढरे छत, क्रोमच्या पट्टीवर चमकणारा सूर्य, काचेआडचे करडे आसन आणि चाकाच्या कमानीखाली दडलेला काळा टायर ही सर्व मंडळी एकाच चौकटीत आली, म्हणजे तो पल्ला अपुरा पडतो; छत राखावे तर टायर काजळात बुडतो, टायर राखावा तर छत कोरे पडते. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन छायाचित्रे घेतल्यास पल्ल्यात चार स्टॉपची भर पडते, आणि एवढी भर बहुतेक प्रसंगी पुरेशी होते.

एका चित्रात न मावणारा प्रकाश दोन चित्रांत वाटून घेण्याची युक्ती मोटारीहून जुनी आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० नंतरच्या दशकात सागराची एक व आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह एका कागदावर छापून, त्या काळच्या रसायनांना न पेलणारे दृश्य साधले होते. पुढे १९४० च्या सुमारास अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी दृश्यातील प्रकाशाचे पट्टे पाडून कागदावर त्यांचा बंदोबस्त लावणारी ‘झोन सिस्टिम’ रचली. आणि चार्ल्स वायकॉफ याने अणुस्फोटांच्या छायाचित्रणासाठी निरनिराळ्या संवेदनक्षमतेचे थर असलेली फिल्म सिद्ध केली. संगणकीय पद्धतीचा निर्णायक टप्पा १९९७ चा आहे. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पॉल डेबेवेक आणि मथुरेत जन्मलेले जितेंद्र मलिक यांनी, कमीअधिक प्रकाशात घेतलेल्या अनेक छायाचित्रांवरून दृश्यातील खऱ्या प्रकाशाचे सापेक्ष मान कसे काढावे, हे दाखवून दिले. लगेच पुढच्या वर्षी डेबेवेक याने चकचकीत गोळ्याची अशी छायाचित्रे घेऊन, त्यांत सापडलेल्या प्रकाशाने संगणकातील काल्पनिक वस्तू उजळण्याची पद्धती मांडली. मोटारींच्या जाहिरातींत प्रत्यक्ष गाडी न नेताही ती डोंगरातल्या रस्त्यावर उभी असल्याचा भास जो होतो, तो ह्या पद्धतीच्या आधारे. आरशासारखा गोळा आणि आरशासारखी मोटार यांचे हे नाते हौशी माणसाने विसरू नये. फोटोशॉपमध्ये ही जोडणी २००५ मध्ये आली, तर २०१० मध्ये आयफोनने ती खिशात आणून ठेवली.

कागल हे कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर, पुणे-बंगळूर महामार्गालगत वसलेले गाव असून, दूधगंगा ओलांडून थोडे पुढे गेले की कर्नाटकाची हद्द लागते. कोल्हापूर संस्थानातील घाटगे घराण्याची ही जहागीर. त्याच घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शाहू छत्रपती झाले. गावाचा जयसिंगराव तलाव, नदीकाठची उसाची काळी राने, आणि अलीकडच्या काळात उभी राहिलेली कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत, ही छायाचित्रकाराच्या दृष्टीने तीन निरनिराळ्या स्वभावांची स्थळे होत. तलावाच्या काठी मोटारीच्या अंगावर मोकळे, अखंड आभाळ उतरते. उसाच्या बांधाला ती उभी केली, तर दारांवर हिरवी झाक चढते व पांढरी गाडी आजारी दिसू लागते. शिवाय वाऱ्याने पाती हलत राहिल्यामुळे तीन छायाचित्रे जुळविताना प्रत्येक पात्याच्या तीन-तीन पुसट आकृती उमटतात. या दोषास छंदी मंडळी ‘घोस्टिंग’ म्हणतात. औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते साप्ताहिक सुटीच्या दिवशी ओस असतात आणि कारखान्यांच्या लांब, सपाट, एकरंगी भिंती मोटारीच्या कुशीवर एक स्वच्छ, सरळ रेघ ओढतात. मात्र दारावरील रखवालदारास आधी विचारून घेणे इष्ट. खुद्द महामार्गावर वा दूधगंगेच्या पुलावर चित्रासाठी गाडी उभी करणे हे जिवाशी खेळणे आहे, आणि कितीही उत्तम चित्र त्याचे समर्थन करू शकत नाही.

कागलचे अक्षांश सुमारे साडेसोळा अंश उत्तर. त्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात व पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्या वेळी मोटारीचे छत तळपते आणि दारांखालचा सारा भाग सावलीत जातो. असला प्रकाश एचडीआरनेही सुधारत नाही. दुसरे असे की, या अक्षांशावर सूर्य जवळजवळ उभ्या रेषेत खाली जात असल्याने संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत सरतो. युरोपातील पुस्तके वाचून सावकाश तयारी करणाऱ्या नवख्याचा येथे हटकून विरस होतो. सूर्य बुडाल्यानंतर दहाव्या-बाराव्या मिनिटाला आभाळाची निळाई आणि पेटलेल्या दिव्यांचे तेज क्षणभर तुल्यबळ होतात; मोटारीचा रंग त्या वेळी जितका खोल दिसतो तितका इतर वेळी दिसत नाही. डिसेंबरात हा योग सव्वासहाच्या आसपास येतो, तर जूनमध्ये सव्वासातनंतर, ढगांनी परवानगी दिली तर.

कार्यपद्धती थोडक्यात अशी. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा. आयएसओ १०० व अॅपर्चर एफ-८ कायम ठेवून केवळ शटरचा वेळ बदलावा, कारण अॅपर्चर बदलले की स्पष्टतेची खोली बदलते व चित्रे एकमेकांवर बसत नाहीत. ढगाळ दिवशी १/५००, १/१२५ व १/३० सेकंद, तर कातरवेळी अर्धा, दोन व आठ सेकंद, ही उदाहरणे चार-चार पटींच्या क्रमाची आहेत. चित्रे ‘रॉ’ (म्हणजे संवेदकाने टिपलेल्या कच्च्या) स्वरूपात घ्यावीत आणि व्हाइट बॅलन्स व फोकस स्वयंचलित ठेवू नयेत. लाल मोटारीच्या बाबतीत विशेष सावधगिरी लागते: कॅमेऱ्याच्या पडद्यावरील उजेडाचा एकत्रित आलेख (हिस्टोग्रॅम) निर्धोक दिसत असताना लाल रंगाची वाहिनी आधीच भरून सांडलेली असते आणि दाराचे सारे उंचसखल भाग एका सपाट लाल डागात नाहीसे होतात. तेव्हा तिन्ही रंगांचे आलेख वेगळे पाहावेत.

ध्रुवण-काच, म्हणजे बोलभाषेतील पोलरायझर, फिरवून बसविली असता रंगावरील व पुढच्या काचेवरील नको असलेली चकाकी बरीच कमी होते. परंतु उघड्या धातूवरील परावर्तन तिला आवरत नाही, म्हणून क्रोम तसाच चमकत राहतो. आणखी एक चमत्कार असा की, बाजूच्या कडक केलेल्या काचांवर या पोलरायझरमुळे इंद्रधनुषी ठिपके दिसू लागतात. हा लेन्सचा दोष नव्हे. काच तापवून झपाट्याने थंड करताना तिच्यात राहिलेला ताण तेथे डोळ्यांस दिसतो. आधुनिक एलईडी दिवे क्षणाक्षणाला उघडझाप करीत असल्यामुळे तीनपैकी सर्वांत जलद छायाचित्रात ते कधी विझलेलेही सापडतात. दिव्यांचा भाग मग मंद शटरच्या चित्रातून घ्यावा लागतो.

चित्रे जोडून झाली की त्यांतील प्रचंड पल्ला कागदाच्या किंवा पडद्याच्या मर्यादित पल्ल्यात उतरवावा लागतो. या कृतीस ‘टोन मॅपिंग’ म्हणतात आणि या छंदाची बदनामी झाली ती येथेच. सरकत्या खुणा शेवटपर्यंत ओढल्या की आभाळाच्या कडेला मोटारीभोवती पांढुरके वलय पडते, डांबरी रस्त्याचा प्रत्येक खडा ओरडू लागतो, आणि फडक्याने पुसताना रंगावर उठलेल्या बारीक गोल ओरखड्यांची जाळी झळाळून दिसते. सावली ही मोटारीच्या शरीराची रेषा असते. चाकाच्या कमानीखालील अंधार पार उपसून काढला, तर गाडी जमिनीवर टेकलेली न वाटता तरंगणारी वाटते. डोळ्याला त्या जागी उभे राहून जे दिसले, तेवढे परत मिळविणे हा या तंत्राचा न्याय्य उपयोग होय. त्यापलीकडचा झगमगाट पहिल्या वर्षी प्रत्येकाला मोहवितो, आणि तिसऱ्या वर्षी तोच मनुष्य आपलीच चित्रे पुन्हा काढायला बसतो.

गाळपाच्या हंगामात रस्त्यावरील धूळ आणि जाळलेल्या पाचटाची काजळी रंगावर बसते, म्हणून धुण्याचे काम आदल्या दिवशी न करता चित्राच्या ऐन वेळी करावे लागते. मऊ फडके व पाण्याची बाटली हे येथील सामानाचे अविभाज्य अंग आहे. चित्र दुसऱ्यांना दाखविण्यापूर्वी ‘एमएच ०९’ने सुरू होणारी पाटी झाकण्याचा शिरस्ता आहे, गाडी परक्याची असल्यास तो कसोशीने पाळावा.

या भागात छंदाला ‘नाद’ म्हणतात, आणि यंत्राचा व चित्राचा नाद एकाच माणसात नांदणे ही कोल्हापुरास नवी गोष्ट नाही. बाबूराव पेंटर हे पडदे रंगविणारे चित्रकार. त्यांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा जुळवून महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आज कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रायपॉडचा तुटलेला सांधा लेथवर नवा करून घेणारा तरुण त्याच वहिवाटीने चालतो.

छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार विजयादशमीच्या सोहळ्यात दसरा चौकात येते, आणि कागलकडचा हौशी मनुष्य त्या दिवशी कॅमेरा घेऊन तेथे हजर असतो. परंतु गाडी चालती, गर्दी हलती, उजेड मावळता. तीन छायाचित्रांची जुळणी तेथे संभवत नाही. उजळ भाग राखून एकच रॉ छायाचित्र घ्यावे व सावल्या नंतर बेताने उचलाव्यात. घरच्या गाडीची गोष्ट वेगळी. खंडेनवमीला ती धुऊनपुसून अंगणात उभी असते, आणि झेंडूच्या माळेचा केशरी रंग लाल वाहिनीत सर्वांत आधी सांडतो. म्हणून त्या दिवशी चौथे, आणखी दोन स्टॉप कमी प्रकाशाचे, छायाचित्र घ्यावे, आणि हळदकुंकू बॉनेटवर पडण्यापूर्वी व पडल्यानंतर असे दोनदा घ्यावे.