नंदिवर्धनची वाट

तिगावाहून नागपुराकडे जाणारी गाडी पांढुर्णा सोडून संत्र्यांच्या बागांमधून नरखेडच्या दिशेने धावू लागली, म्हणजे खिडकीशी बसलेल्या माणसाला आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शिरलो याची जाणीव केवळ स्थानकावरील पाट्यांवरून होते; माती तीच, कपाशी तीच आणि बोलीही तीच राहते. 1956 साली आखली गेलेली ही सीमा या भूमीच्या दृष्टीने कालपरवाची आहे. पंधराशे वर्षांपूर्वी या मुलखाचा कारभार ज्या राजधानीतून चालत असे, ती आजच्या नागपूर जिल्ह्यात, रामटेकजवळ होती, आणि तिचे दर्शन घ्यावे ही माझी जुनी इच्छा एका अगदी घरगुती कारणामुळे जागी झाली होती. ते कारण म्हणजे आमच्या पांढुर्ण्यास उपलब्ध झालेला वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेन याचा ताम्रपट. राज्याच्या 29व्या वर्षी दिलेली ही सनद प्रवरपुराहून निघाली. ज्या दरबाराने आमच्या शिवाराची दखल तांब्यावर कोरून ठेवली, तो दरबार कोठे भरत असे, हे पाहून यावे असे वाटणे स्वाभाविकच नव्हे काय?

राजधानीचे भग्नावशेष म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हंपीची विस्तीर्ण पाषाणसृष्टी उभी राहते. विजयनगरच्या शिल्पकारांना ग्रॅनाइटच्या टेकड्याच आयत्या मिळाल्या होत्या, त्यामुळे साम्राज्य बुडाले तरी त्याचे खांब उभे राहिले. वाकाटकांनी बांधले ते मुख्यतः विटांनी, आणि विटांच्या राजधानीचे शत्रू केवळ सैन्ये नसतात. पाऊस, पिंपळाची मुळे आणि घर बांधायला विटा शोधणारा गावकरी हे सारे तिचे शांत शत्रू असतात. म्हणून या घराण्याचा वैभवकाळ आपल्याला वाड्यांवरून कळत नाही, तर दूरदूरच्या खेड्यांत सापडलेल्या ताम्रपटांवरून कळतो. मध्यवर्ती दरबार नाहीसा झाला, पण त्याने ज्यांना इनामे दिली त्यांच्या हातचे दस्तऐवज उरले, ही गोष्ट मला या सबंध इतिहासातील सर्वांत हृद्य गोष्ट वाटते.

विंध्यशक्तीने स्थापिलेल्या या घराण्यात प्रथम प्रवरसेनाने चार अश्वमेध केले आणि सम्राट ही पदवी धारण केली. त्याच्यानंतर राज्याची वाटणी होऊन एक शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीम येथे आणि दुसरी नंदिवर्धन येथे नांदू लागली. या दुसऱ्या शाखेतील द्वितीय रुद्रसेनाला गुप्त सम्राट द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता दिली होती. पती अकाली निवर्तल्यावर अल्पवयीन पुत्रांच्या नावे राज्यशकट हाकणाऱ्या या राणीने आपल्या ताम्रपटात वंशावळ सांगताना सासरच्या वाकाटकांऐवजी माहेरच्या गुप्तांपासून आरंभ केला आहे, यावरून तिच्या मनाचा पीळ ध्यानात येतो. तो ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला. सापडला मात्र पुण्यात, एका तांबटाच्या घरी. ज्याचा व्यवसायच जुने तांबे वितळवून नवी भांडी घडविण्याचा, त्याच्या घराण्यात हा लेख वडिलोपार्जित ठेव म्हणून जपला गेला, आणि त्याच्या वाचनानंतर गुप्त-वाकाटक संबंधांचा सारा गुंता सुटला. तो एकदा भट्टीत पडला असता, तर तो गुंता कदाचित तसाच राहिला असता.

या सनदांतील भाषा मी पुनःपुन्हा वाचतो, कारण राजाचे गुणगान संपले की तीत सामान्य माणसाचे दैनंदिन ओझे अकस्मात प्रकट होते. दान दिलेल्या गावाला कोणत्या गोष्टींपासून माफी आहे, याची यादी वाकाटकांचे लेखक मोठ्या काटेकोरपणे देतात: सैनिक आणि शिपाई यांनी गावात शिरू नये, प्रवासी अधिकाऱ्यांसाठी गाईबैलांची पाळी लावू नये, फुले आणि दूध यांचा पुरवठा मागू नये, मुक्कामाला आलेल्या अंमलदाराला बैलांसाठी चारा, बसायला कातडे आणि शेगडीला कोळसा द्यावा लागू नये, मीठ काढण्यावरील हक्क सांगू नये, आणि सर्व प्रकारची विष्टी, म्हणजे वेठबेगार, माफ असावी. माफीच्या या यादीचा उलटा अर्थ असा की, ज्या गावांना सनद नव्हती त्या गावांतील कुणब्याला हे सारे निमूटपणे सोसावे लागत होते. पेशवाईतील वेठ, भोसल्यांच्या अमदानीतील पट्ट्या आणि इंग्रजी अमलातील साहेबांच्या तळाला पोहोचवावे लागणारे लाकूडफाटा-दूध यांचा वंश किती पुरातन आहे, हे त्या कातड्याच्या आसनावरून आणि कोळशावरून मला कळले. त्याचबरोबर, चम्मकच्या ताम्रपटात एक हजार ब्राह्मणांना गाव देतानाही राजाने अट घातली होती की त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये आणि इतर गावांना उपद्रव देऊ नये. दानातही राज्यकर्त्याची सावधगिरी सुटलेली नव्हती.

आमच्याच शेजारच्या मुलताई भागातील पट्टणच्या ताम्रपटाचा लेखक कालिदास नावाचा होता. महाकवीशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह विद्वानांनी आवरला, तो योग्यच. तरी रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, परिसरातील एखादा कारकून त्या नावाने आपली सही करीत असे, हे वाचून मनाला एक निराळाच आनंद होतो.

रामटेकहून नगरधनचा रस्ता भातखाचरांमधून जातो. आज नगरधनला पाहावयास उभा आहे तो भोसलेकालीन किल्ला. त्याचा दरवाजा आणि बुरूज भक्कम आहेत, आत भूमिगत देवीचे स्थान आहे आणि भाविकांची ये-जा असते. वाकाटकांचे नंदिवर्धन या किल्ल्याच्या आसपासच्या गावठाणाखाली आणि शेतांखाली आहे. नाव मात्र मातीखाली गेले नाही. राष्ट्रकूट तृतीय कृष्णाच्या 940 सालच्या देवळीच्या ताम्रपटात नागपुर आणि नंदिवर्धन ही दोन नावे एकत्र येतात, आणि नंदिवर्धनचे नगरधन होण्याचा प्रवास लोकांच्या जिभेवर शतकानुशतके चालू राहिला. 2015 ते 2018 या काळात डेक्कन कॉलेज आणि महाराष्ट्राच्या पुरातत्त्व विभागाने येथे केलेल्या उत्खननात मातीची एक लंबवर्तुळाकार मुद्रा सापडली. वजन सुमारे साडेसहा ग्रॅम, तीवर शंख आणि त्याखाली ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव. पोटात दोरी घेऊन एखाद्या पत्राच्या वा गाठोड्याच्या तोंडावर चिकटविलेला हा ओल्या मातीचा गोळा राणीच्या दप्तरातून निघाला असेल, आणि पत्र फोडणाऱ्याने तो बाजूला टाकला असेल. साम्राज्याच्या राजधानीतून आपल्याला इतक्या जवळून भेटायला आलेली वस्तू हीच.

द्वितीय प्रवरसेनाने राजधानी नंदिवर्धनाहून प्रवरपुराला हलविली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रवरपूर म्हणजे वर्धेजवळचे पवनार असे मत मांडले. विनोबांच्या परमधाम आश्रमाच्या जमिनीत खोदताना मिळालेली राम-भरत भेटीसारखी शिल्पे आणि महाराष्ट्री प्राकृतातील सेतुबंध या रामकथेचा कर्ता म्हणून प्रवरसेनाची प्रसिद्धी यांचा त्यांनी लावलेला मेळ मोहक होता. 1998नंतर जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी रामटेकजवळ मनसर येथे जे उत्खनन केले, त्यानंतर अनेकांचे मत मनसरकडे झुकले. मीही त्यांतलाच एक आहे, पण मिराशींनी उपलब्ध पुराव्यांवर जी शिस्तबद्ध मांडणी केली, तिच्याविषयी माझा आदर त्यामुळे कमी होत नाही. पुढच्याला चुकीचे ठरविता यावे इतके स्पष्ट लिहिणे ही संशोधकाची मोठी देणगी आहे.

मनसरच्या तलावाकाठी जी टेकडी आहे तिला लोक हिडिंबेची टेकडी म्हणतात. पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या विटांच्या ओट्यांवर मी दुपारच्या उन्हात उभा होतो, तेव्हा शेळ्या हाकीत आलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "का पाहून राह्यले जी? इथं तं विटाच विटा हायेत." विटाच विटा, हे खरे. पण जरा वाकून पाहिल्यावर एका विटेची भाजणी एका बाजूने तांबडी आणि दुसऱ्या बाजूने काळसर झालेली दिसली. भट्टीत तिचे ते अंग ज्वालेपासून दूर राहिले असावे. दोन विटांच्या सांध्यात मुंग्यांनी बारीक मातीचा ढीग बाहेर काढला होता. हेच प्रवरेश्वराचे देवालय, असे काही अभ्यासक सांगतात. मी त्या म्हाताऱ्याला सांगितले की आमच्या गावाकडचा एक लेख येथूनच लिहून गेला असावा. त्याने माझ्याकडे पाहिले, शेळ्यांकडे पाहिले आणि विचारले, "कोन्त्या गावाचे जी तुम्ही?"

"तिगावचा. पांढुर्ण्याजवळचा."

"मंग तं लय दुरून आलेत बाप्पा," तो म्हणाला, आणि पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

परतताना नगरधनच्या शिवारातून पुन्हा गेलो. नांगरटीत निघालेली खापरे एका शेतकऱ्याने धुऱ्यावर ढीग करून ठेवली होती, जशी आमच्याकडे गोटे वेचून धुऱ्यावर टाकतात तशी. एका काठाच्या तुकड्यावर कुंभाराच्या चाकाच्या रेषा अजून स्पष्ट होत्या. मी तो बोटांनी पुसला, थोडा वेळ हातात धरला आणि जेथून उचलला तेथे ठेवून दिला.