बांधकामाची गुणवत्ता : तपासणी कधी, किती वेळा?

छत्रपती संभाजीनगरातील बहुमजली गृहसंकुलांसारख्या मोठ्या बांधकामाची गुणवत्ता आठवड्यातून तपासावी की महिन्यातून, हा प्रश्न अनेकांना पडतो. प्रत्यक्षात तपासणीची वेळ दिनदर्शिकेवरून नव्हे, तर कामाचा टप्पा व परिमाण यांवरून ठरते.

काँक्रीटच्या चाचणीचे प्रमाण ‘आयएस ४५६ : २०००’ या भारतीय मानकात निश्चित केलेले आहे. ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, ६ ते १५ साठी दोन, १६ ते ३० साठी तीन, ३१ ते ५० साठी चार आणि पुढील प्रत्येक ५० घनमीटर वा त्याच्या भागासाठी आणखी एक. प्रत्येक पाळीत किमान एक नमुना घ्यावाच लागतो. एका नमुन्याचे तीन ठोकळे २८ दिवसांनी दाबयंत्रात तपासले जातात. म्हणजेच १२० घनमीटरच्या स्लॅबसाठी सहा नमुने, अठरा ठोकळे होतात.

मात्र हा निकाल हाती येईपर्यंत वरचे काम पुढे गेलेले असते. म्हणूनच सळयांचा व्यास, अंतर, कव्हर आणि सेंट्रिंगचे टेकू यांची तपासणी दर वेळी काँक्रीट ओतण्यापूर्वीच व्हावी लागते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात क्युरिंग किमान १० दिवस आवश्यक असून त्यावर रोज देखरेख हवी.

ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेला संरचनात्मक दोष विनामूल्य दुरुस्त करण्याचे बंधन रेरा कायदा, २०१६ नुसार विकासकावर आहे. तथापि, खांबात दडलेली उणीव नंतर दूर करणे कठीण असते. त्यामुळे घर घेणाऱ्यांनी ठोकळ्यांचे चाचणी अहवाल व तपासणीच्या नोंदी आधीच पाहणे हिताचे ठरते.