नावावरची खुर्ची

सीझन तिकीट म्हणजे हंगामाचे पैसे आगाऊ भरून स्टेडियममधली एक खुर्ची आपल्या नावावर करून घेणं. खुर्ची ठरलेली, त्यामुळे शेजारीही तेच. वर्षानुवर्षं!

म्हणूनच मला इंग्लंडमधल्या लीड्स युनायटेडची गोष्ट चटका लावते. २००४ मध्ये हा क्लब प्रीमियर लीगमधून घसरला, पार तिसऱ्या पायरीपर्यंत. लोक मात्र थंडीवाऱ्यात येत राहिले. सोळा वर्षांनी, जुलै २०२० मध्ये क्लब वर आला आणि स्टेडियमला कुलूप! करोना. जवळजवळ अख्खा हंगाम त्यांनी टीव्हीवर पाहिला. शेवटच्या सामन्याला, मे २०२१ मध्ये, आठेक हजारांना काय तो प्रवेश मिळाला.

घरबसल्या बघायची सवय लागली की कोण कशाला परत येतंय, असं आपल्याला वाटावं. पण पुढच्या हंगामात सीझन तिकिटांसाठी प्रतीक्षायादी होती. सोडलेली खुर्ची परत मिळणार नाही, हे सगळे जाणून होते ना! २१ ऑगस्ट २०२१ ला एव्हर्टनविरुद्ध एलंड रोड गच्च भरलं. सामना २-२.

त्यांचा जुना बचावपटू नॉर्मन हंटर करोनानेच गेला, १७ एप्रिल २०२० ला. बढती पक्की झाली १७ जुलैला. दक्षिणेकडच्या स्टँडला आता त्याचं नाव आहे.