कोसंबींची पोरं आणि आमची पोरं

आम्ही तीन वर्षं जर्मनीत राहून परत आलो त्याला आता बरेच दिवस झाले. पण नातेपुत्याला गेलं की एक प्रश्न अजून हमखास येतो. "पोरांची शाळा बुडाली ना गं त्यात?" विचारणाऱ्यांतले निम्मे लोक हे वाचणार आहेत, म्हणून नावं लिहीत नाही. :)

बुडाली म्हणजे तशी बुडालीच. गेलो तेव्हा मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत. तिकडे ती करवत धरायला शिकली, स्वतःच्या सायकलचं पंक्चर काढायला शिकली, नकाशा हातात घेऊन आम्हालाच जंगलातून बाहेर काढायला शिकली. परत आल्यावर मराठीच्या पहिल्या पेपरात मात्र जोडाक्षरांची पार वाट लागली. मी या प्रश्नावर नेहमी एकच उत्तर देत आले, कोसंबींचं. गेल्या पालखीला आईशी बोलताना कळलं की माझं उत्तर अर्धंच आहे.

आधी ते अर्धं सांगते.

1918 साली धर्मानंद कोसंबी आपल्या दोन मुलांना घेऊन अमेरिकेला गेले. मोठी माणिक एकोणीसेक वर्षांची, दामोदर अकरा वर्षांचा. धर्मानंद मूळचे गोव्यातल्या साखवाळचे. शाळेचं शिक्षण जेमतेम, पण पाली भाषेचे एवढे जाणकार की हार्वर्ड विद्यापीठानं त्यांना बोलावून घेतलं. काम होतं 'विशुद्धिमग्ग' या बौद्ध ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचं. हेन्री क्लार्क वॉरन नावाचे विद्वान ते अर्धवट टाकून 1899 मध्ये वारले होते. धर्मानंद त्यासाठी 1910 मध्ये एकदा एकटे जाऊन आले होतेच. (तो ग्रंथ शेवटी छापून आला 1950 मध्ये. तोवर धर्मानंदांना जाऊन तीन वर्षं झाली होती. चिकाटी म्हणावी तर ही.)

माणिक तिथं रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. 1918 साली मराठी घरातली मुलगी अमेरिकेत कॉलेजला जाते, यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. दामोदर आधी तिथल्या प्राथमिक शाळेत आणि मग केंब्रिजच्या लॅटिन स्कूलमध्ये गेला. शिवाय तो बॉय स्काउट झाला. माझा जीव या स्काउटवर अडकलाय. स्काउट म्हणजे पाठीवर सामान, पायात बूट, वाट शोधणं, जमिनीकडे बघत चालणं. पुढे तो हार्वर्डला गणित शिकला आणि 1929 मध्ये पदवी घेऊन भारतात आला. हेच आपले डी. डी. कोसंबी.

पेशानं गणिती, पण नाव झालं इतिहासात. आणि तो इतिहास त्यांनी केला कसा? तक्षशिलेला सापडलेली आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली चांदीची जुनी नाणी, त्यांनी एकेक करून तराजूत घातली. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं हलकं. मग हजारो नाण्यांची वजनं मांडली की कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं याचा अंदाज गणितानं येतो. हा हिशोब खरा आहे का ते बघायला त्यांनी त्या काळची बाजारात चालणारी नाणीही वजन केली! एरवी इतिहासकार ग्रंथ उघडतात, यांनी तराजू काढला. रजेच्या दिवशी काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालायच्या, म्हसोबा-वेताळाच्या शेंदऱ्या दगडांपाशी थांबायचं, गुराख्यांशी बोलायचं, गारगोटीची बोटाच्या पेराएवढी अश्मयुगीन हत्यारं वेचायची. हे सगळं त्या स्काउटमधून आलं असा माझा दावा नाही, पण मला तसं वाटतं खरं.

आता यात नातेपुतं कुठं आलं? तेच सांगते. 1962 साली त्यांचं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे पुस्तक आलं. त्यातला एक निबंध आपल्या पंढरीच्या वाटेवर आहे. त्यांचं म्हणणं असं की ही वाट वारकरी संप्रदायाहून पुष्कळ जुनी असावी. अश्मयुगातली माणसं, नंतरचे मेंढपाळ पावसाच्या हिशोबानं दरवर्षी ज्या वाटांनी ये-जा करत, त्याच वाटांवर पुढे देव बसले, बाजार बसले आणि मग दिंड्या चालल्या. वाटांच्या कडेला सापडणारी ती बारीक हत्यारं हा त्यांचा पुरावा.

नातेपुत्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माउलींची पालखी बरडहून धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि मुक्कामाला आमच्याकडे येते. दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरला रिंगण, मग माळशिरस. आणि धनगरांचे वाडे? फलटण, माण, माळशिरस या बाजूचे मेंढके दिवाळीनंतर पश्चिमेला जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात, कारण तिकडच्या चिखलात मेंढरांची खुरं सडतात. आमची कोरडी, पाऊस हुलकावण्या देणारी जमीन मेंढराला मानवते. म्हणजे ज्येष्ठ-आषाढात मेंढरंही पूर्वेला आणि पालखीही पूर्वेला. लहानपणापासून आम्ही दोन्ही बघत होतो, पण एकमेकांशेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. ते सुचायला बाहेर जाऊन आलेला डोळा लागला.

हे सगळं मी गेल्या वर्षी आईला ऐकवत होते. पालखीचा मुक्काम, अंगणात वारकरी, चुलीवर पिठल्याचं पातेलं, आई भाकरी थापतेय आणि मी शेजारी बसून कोसंबी सांगतेय. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि त्या पोरांची आई?"

आई होती की. बालाबाई. धर्मानंद 1899 साली बुद्धाचा धर्म शिकायला घरातून निघाले तेव्हा माणिक तान्ही होती. काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश करत ते सात वर्षांनी, 1906 मध्ये, गोव्याला परतले. तोवर बालाबाईंनी मूल सांभाळलं. पुढे फर्ग्युसन कॉलेजातल्या नोकरीमुळे पुण्यात थोडा स्थिर संसार झाला, तर 1918 ला दोन मुलं सातासमुद्रापार आणि त्या धाकट्या मुलींबरोबर इकडे. धर्मानंदांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात स्वतःचा प्रवास फार प्रांजळपणे लिहिलाय. बालाबाईंनी लिहिलेलं मात्र माझ्या वाचनात काही नाही.

आई म्हणाली, "सात वर्षांनी बाप दारात आला. पोरीनं ओळखलं तरी का त्याला?"

मी गप्प. कारण आम्ही तिकडे असताना बाबांची बायपास झाली होती. अकलूज, मग पुणे, रात्री-बेरात्रीची गाडी, पैशाची जमवाजमव, सगळं आईनं एकटीनं केलं. आम्हाला कळवलं ते बाबा घरी आल्यावर. "पोरांची सहल मोडली असती," एवढंच म्हणाली होती. खरंच त्या आठवड्यात आम्ही तंबू घेऊन डोंगरात होतो. मुलगी तिथंच नकाशा वाचायला शिकली. मी ती गोष्ट दहा जणांना कौतुकानं सांगितली आहे, आईलासुद्धा.

मी कोसंबींचं उत्तर द्यायचं सोडणार नाही. शाळा बुडाली तरी पोरं शिकतात, हे मला अजूनही पटतं. फक्त आता सांगताना बालाबाईंचं नाव आधी घेते.

'निवेदन' आईला आणून दिलंय. दुपारी चष्मा लावून चारपाच पानं वाचते आणि धर्मानंदांवर रागावते. परवा फोनवर म्हणाली, "माणूस चांगलाय गं, पण घरी थांबत नाही."

यंदा पालखीच्या दिवशी तिला स्वयंपाकातून सुट्टी द्यायची असं ठरलंय. पिठलं-भाकरी मुलगा आणि त्याचे बाबा करणार आहेत. जर्मनीत दोघं पाव भाजायला शिकलेत, त्या जोरावर. आईचा विश्वास बसलेला नाही. ज्वारीचं पीठ तिनं आधीच दळून आणायला सांगितलंय, दुप्पट.